पहिल्यांदा ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) वॉश घेतला. पेशंटला सांगायला हवं होतं का?

कळंब्याची_पोर

नमस्कार मंडळी. एमबीबीएस तिसरं वर्ष, कोल्हापुरातच. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पेशंटचं तर नाहीच.

सध्या सर्जरीची पोस्टिंग चालू आहे. आतापर्यंत ओटीत गेलं की मागं एका कोपऱ्यात उभं राहायचं, सरांच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढंच काम. गुरुवारी युनिटच्या जेआरला (ज्युनिअर रेसिडेंटला) कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं, तो पळाला, आणि सर माझ्याकडं बघून म्हणाले, "तू ये. वॉश घे." म्हणजे ऑपरेशनसाठी हात धुऊन टेबलाशी ये.

कोपरानं नळ सुरू केला. नखं, बोटांच्या फटी, मनगट, कोपराच्या वरपर्यंत, मग परत पहिल्यापासून. हात वर धरायचे म्हणजे पाणी कोपराकडून खाली गळतं, बोटांकडं परत येत नाही. पुस्तकात हे दहा वेळा वाचलंय पण खरंच हात वर धरून दार पाठीनं ढकलत आत गेले तेव्हा छाती अशी धडधडत होती की मला वाटलं सिस्टरना ऐकू जाईल. गाऊन घातला, ओटीतल्या मदतनीस मामांनी मागून नाड्या बांधल्या, साडेसहा नंबरचे ग्लोव्ह चढवले आणि त्याच क्षणी नाक खाजायला लागलं. पुढचा तासभर खाजत होतं.

केस उजव्या बाजूच्या हर्नियाची. पासष्टीचे आजोबा, स्पायनल दिलेला, म्हणजे कमरेखाली बधिर पण जागे. मी टेबलाशी गेले तेव्हा सगळीकडं हिरवी कापडं पसरून झाली होती आणि मधे वीतभर चौकोनात बेटाडीननं पिवळी झालेली कातडी. चेहरा पडद्याच्या पलीकडं. सरांनी चीर दिली, खाली चरबी दिसली, कोवळ्या मक्याच्या दाण्यांसारखी, आणि त्याच्याखाली पांढरा चमकदार पडदा. एक्स्टर्नल ऑब्लिकचं, म्हणजे पोटाच्या एका स्नायूचं, ॲपोन्युरोसिस. ॲनाटॉमीच्या हॉलमधे हेच करड्या रंगाचं आणि फॉर्मलिनच्या वासाचं होतं. इथं ते चमकत होतं, ओलं होतं, आणि श्वासाबरोबर वरखाली होत होतं. सरांनी माझ्या हातात लँगेनबेक (जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर) दिला, म्हणाले हा असा धर. मी धरला. खरं सांगते, इतकं सुंदर काही मी आजवर बघितलेलं नाही.

आता मुद्दा. पाऊणएक तास झाला असेल. मी त्या चौकोनात इतकी गुंतले होते की बाकी जगच नव्हतं. आणि एकदम पडद्यामागून आवाज आला, "मॅडम, किती वाजलं?"

भूलीच्या मॅडम म्हणाल्या, साडेअकरा, का हो आजोबा?

"न्हाई, म्हशीला पानी दावायचं हाय. पोरगं इसरतंय."

मी इतकी दचकले की हातातला रिट्रॅक्टर सरकला. सर शांतपणे म्हणाले, "हलू नको." मी परत घट्ट धरला. ऑपरेशन नीट झालं, जाळी बसवली, टाके घातले, सगळं व्यवस्थित.

पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पाऊण तास माझा हात त्या माणसाच्या पोटात होता आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. फाइलवर होतं, मी वाचलं नव्हतं. त्यांना तर मी होते हेच माहीत नाही. ते शनिवारपर्यंत वॉर्डात आहेत. जाऊन सांगावं का की आजोबा, मी पण होते आत? रूममेट म्हणते, तू फक्त धरून उभी होतीस, कशाला उगाच त्यांच्या डोक्याला ताप. आई म्हणते जाऊन पाया पड. तुम्हाला काय वाटतं? डॉक्टर असाल तरी सांगा आणि नसाल तर जास्तच सांगा.

रंकाळ्याचा_वारा

लई भारी ताई! मनापासून अभिनंदन. आणि आजोबांचं बी. टेबलावर झोपून म्हशीची काळजी करणारा माणूस फक्त आपल्याकडंच भेटणार.

कागलचा_गडी

आमची बहीण नर्सिंगला होती तेव्हा घरी फोन करून म्हणाली, "आई आज मी वॉश घेतला." आईनं विचारलं, "मग रोज घेत न्हाईस व्हय गं?" अजून घरात हाच जोक चालतोय.

जुना_सर्जन

पोरी, तुझं वर्णन वाचून चाळीस वर्षं मागं गेलो. माझं शिक्षण मिरजेला झालं. तेव्हा कोल्हापुरात सुद्धा कुणाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की "मिरजेला न्या" म्हणायचे. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, त्यानंतर मेडिकल कॉलेज १९६२ ला आलं, आणि त्या गावात रिक्षावालासुद्धा कुठल्या आजाराला कुठला डॉक्टर हे सांगायचा.

माझी पहिली असिस्ट पोटाची होती. अल्सर फुटलेला, रात्रीची केस, आणि माझ्या हातात डीव्हर, म्हणजे लिव्हर वर ओढून धरायचा तो मोठा वाकडा रिट्रॅक्टर. मला आत काय चाललंय ते दिसतच नव्हतं, कारण डीव्हर धरणाऱ्याला कधीच दिसत नाही, तो ओढतो म्हणून दुसऱ्याला दिसतं. दोन तास. शेवटी बोटं उघडेनात. माझे सर म्हणाले होते, रिट्रॅक्टर धरणाऱ्याच्या हातावर सर्जनचे डोळे असतात. ते वाक्य मी पुढं माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलं. त्यामुळं "फक्त धरून उभी होतीस" हे तुझ्या रूममेटचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. हर्नियात कॉर्ड (जांघेतून वृषणाकडं जाणारी दोरी) बाजूला धरणारा हात सरकला तर नस दुखावते आणि मग पेशंटला जांघेत वर्षानुवर्षं कळ येत राहते.

पण तुझ्या मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. नंतर जाऊन सांगू नकोस. पेशंट खेड्यातला, साधा माणूस. ऑपरेशन झाल्यावर एक मुलगी येऊन म्हणाली की मी शिकतेय आणि मी आत होते, तर रात्री पोटात जरा दुखलं तरी त्याला वाटणार त्या पोरीनंच काहीतरी केलं. भेटायचं ते आधी. आदल्या दिवशी वॉर्डात जायचं, हिस्टरी घ्यायची, नाव विचारायचं, पोटावर हात ठेवायचा. ती वेळ तुझ्या हातात नव्हती कारण तुला ऐनवेळी बोलावलं. ठीक आहे. पुढच्या वेळी कर.

भूलताई

मी पडद्याच्या पलीकडची, म्हणजे तुमच्या गोष्टीत आजोबांना वेळ सांगणारी जी असते ती. (तुमच्या केसमधली नव्हे.) तुमची पोस्ट आमच्या सगळ्या ज्युनिअरना वाचून दाखवली.

स्पायनलमधे काय होतं ते सांगते कारण इथं बाकीचे लोकही वाचतायत. पाठीच्या मणक्यांमधून अगदी बारीक सुई घालून साधारण तीन मिली औषध सोडतो. आधी ऊब जाणवते, पाय जड होतात, मग दुखणं जातं. पण कुणीतरी ओढतंय, दाबतंय हे बऱ्याच जणांना जाणवत राहतं, आणि म्हणून आम्ही आधीच सांगतो की आजोबा, हलवल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बियरनं हे पहिल्यांदा केलं, आणि आज खालच्या पोटाची, पायाची, सिझेरियनची कितीतरी ऑपरेशनं यावरच होतात.

आणि कान पूर्ण शाबूत असतात. सर्जन लोक हे विसरतात. त्यांना चौकोन दिसतो, मला चेहरा दिसतो. आत कुणी म्हणालं "अरे, हे काय झालं" आणि ते फक्त दिवा नीट लागत नाही म्हणून म्हणालेलं असलं, तरी इकडं माझ्या मॉनिटरवर पेशंटची नाडी ७० वरून ११० वर जाते. एका बाईंनी सिझेरियनमधे माझा हात गच्च पकडून विचारलं होतं, "ते रक्त रक्त का म्हणत्यात?" ते मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, मागत होते. तेव्हापासून मी ऑपरेशन चालू असताना पेशंटशी सतत बोलते, ऊस किती गेला, पोरगी कुठं दिली, पाऊस कसा आहे. ते कामाचाच भाग आहे.

जुना_सर्जन, तुमच्याशी निम्मी सहमत. आधी भेटावं हे शंभर टक्के. पण नंतर भेटू नये हे पटलं नाही. पेशंटला आवाज आठवतात. कुणाचा आवाज कुठला हे त्याला कळलं तर त्याचं बरं वाटणं वाढतं असा माझा अनुभव आहे.

इंटर्न_रूम_बारा

मी पहिल्या वेळी पडलो. सरळ सांगतो कारण इथं कुणीतरी दुसऱ्या वर्षाचं वाचत असेल आणि घाबरलं असेल. कॉटरीचा (रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या यंत्राचा) वास आला, मांस जळल्यासारखा असतो तो, कानात शिट्टी वाजायला लागली, घाम फुटला, सगळं लांब जायला लागलं. मी सांगायला लाजलो आणि तसाच उभा राहिलो, आणि जाग आली तेव्हा जमिनीवर होतो, पाय खुर्चीवर ठेवलेले आणि सिस्टर कपाळावर ओला बोळा फिरवतायत.

म्हणून सांगतो. सकाळी उपाशी जाऊ नका, भरपूर पाणी प्या. गुडघे ताठ लॉक करून उभं राहू नका, पायाची बोटं आणि पोटऱ्या मधूनमधून आवळा म्हणजे रक्त वर ढकललं जातं. आणि कानात शिट्टी वाजली, तोंडाला पाणी सुटलं की लगेच बोला, "सर मला बरं वाटत नाही", आणि टेबलापासून मागं सरकून तिथंच खाली बसा. पुढं पेशंटवर पडलात तर सगळंच बिघडेल. यात लाज काहीच नाही. नाडी आणि बीपी एकदम खाली येतं, शरीर आहे, ते आपलं ऐकत नाही. आता मी बारा बारा तास उभा राहतोय.

रंकाळ्याचा_वारा

@इंटर्न_रूम_बारा भावा सकाळी कटवडा खाऊन जात जा, कुणी पडणार न्हाई.

सिस्टर_थिएटर

एकतीस वर्षं ओटीत काढली, आता घरी आहे, नातवंडं सांभाळते. हे सगळं वाचून हाताला बेटाडीनचा वास यायला लागला.

बाळ, तुझ्यावर सिस्टर ओरडल्या नाहीत हे वाचून आनंद झाला. आम्ही ओरडतो म्हणून पोरं घाबरतात. पण बघ, नवं पोरगं आलं की सवयीनं हात खाली सोडतं, नाहीतर चष्मा वर करायला जातं. कमरेच्या खाली हात गेला की तो हात बाटला, मग परत वॉश, परत गाऊन. मी ओरडायचे ते त्या टेबलावरच्या माणसासाठी. त्याला पू झाला तर मोजायला कोण जाणार आहे कुणाच्या हातामुळं झाला ते.

आणि मोजणं. मॉप किती दिले, किती परत आले. पोट बंद करायच्या आधी मोजायचं म्हणजे मोजायचं. एकदा एक मॉप कमी भरला. मोठे सर्जन, घाई होती, म्हणाले सिस्टर तुम्ही मोजायला चुकलात. मी म्हणाले सर, मी टाका देणार नाही. सुईहोल्डर हातातच धरून उभी राहिले. वीस मिनिटं शोधला, आतड्याच्या मागं सापडला. त्या दिवसापासून ते सर माझ्याकडं बघितल्याशिवाय पोट बंद करत नव्हते.

मूळ प्रश्न: डब्ल्यूएचओची २००८ ची सर्जिकल चेकलिस्ट आहे, १९ मुद्द्यांची, भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी अशी तीन वेळा म्हणायची. चीर द्यायच्या आधीच्या भागात पहिलाच मुद्दा आहे की खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. प्रत्येकानं. विद्यार्थ्यानंसुद्धा. तुझे आजोबा जागे होते. त्या वेळी तू मोठ्यानं म्हणाली असतीस की मी अमुक, तिसऱ्या वर्षाला आहे, मदत करणार, तर त्यांना तेव्हाच कळलं असतं आणि तुला हा प्रश्नच पडला नसता.

शाहूपुरीकर

मी डॉक्टर नाही. दुकान आहे. हा धागा दोन दिवस वाचतोय आणि आता राहवत नाही म्हणून लिहितो, कुणाला लागलं तर माफ करा.

माझ्या वडिलांचं काही वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, जिल्ह्याबाहेरचं होतं. पहाटे सहाला एक जण कागदांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला इथं इथं सही करा. आम्ही केली. कोण वाचतो? वडील घाबरलेले, आई देवाचं नाव घेतेय, मी पैशाची जुळवाजुळव करतोय. आठवड्यानं एका वॉर्डबॉयच्या बोलण्यातून कळलं की टाके शिकाऊ मुलानं घातले होते. टाके चांगले होते, जखम छान भरली, तक्रार काहीच नाही. पण वडील फार दुखावले. म्हणाले, मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. माझ्या अंगावर पोरगं शिकलं याचा मला आनंद झाला असता. मला न विचारता शिकलं.

त्यामुळं जुना_सर्जन साहेब, "पेशंट खेड्यातला, साधा माणूस" हे वाक्य मला फार लागतं. साध्या माणसाला कळतं सगळं.

जुना_सर्जन

शाहूपुरीकर, तुमचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत बसलो.

माझ्या पिढीत पेशंटला कमी सांगणं म्हणजे त्याला जपणं असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही ते मनापासून करत होतो. सिस्टरांनी चेकलिस्टचं लिहिलं ते वाचून आठवलं. ती आली तेव्हा मला नाव सांगायचा मुद्दा वेळेचा अपव्यय वाटला होता. एकाच युनिटातली माणसं, रोज भेटतात, नावं कशाला सांगायची. मग २००९ मधे तो अभ्यास छापून आला, जगातल्या आठ शहरांतली आठ हॉस्पिटलं, त्यात आपली दिल्लीही होती. चेकलिस्ट वापरल्यावर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. कुठल्या एका मुद्द्यामुळं आले हे त्यात वेगळं काढता येत नाही. पण एकदा स्वतःचं नाव मोठ्यानं म्हटलेली ज्युनिअर पोरगी पुढं "सर, थांबा" म्हणायला कमी घाबरते, हे मी नंतर माझ्याच थिएटरमधे बघितलं.

"साधा माणूस" हे शब्द मी मागं घेतो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

शाहूपुरीकर

वडील आता नाहीत. पण त्यांना आवडलं असतं हे वाचून. आभार.

आप्पा_पन्हाळा

एक विचारू का, पोरी जातात का आता सर्जरीत? आमच्या वेळी मुलगी डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर असंच धरून चालायचे लोक.

करवीर_इतिहास

आप्पा, जातात की. आणि कोल्हापूरचं तर याच्याशी जुनं नातं आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मधे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांना पहिली नेमणूक दिली ती कोल्हापूर संस्थानानं. इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डची जबाबदारी. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, रुजू होता आलंच नाही. वय २१. कोल्हापुरात मेडिकलला जाणारी कुठलीही मुलगी बघितली की मला ते रिकामं राहिलेलं पद आठवतं.

आणि ग्लोव्हचं कुणीतरी लिहिलंय वर, तर तेही. रबरी ग्लोव्ह ऑपरेशनला आले ते मुळात पेशंटसाठी नव्हेच. बाल्टिमोरला हॉलस्टेड नावाच्या सर्जनच्या थिएटरमधे कॅरोलिन हॅम्प्टन नावाची नर्स होती. हात धुवायला तेव्हा मर्क्युरिक क्लोराइड वापरायचे, त्यानं तिच्या हाताची कातडी सोलवटायची. हॉलस्टेडनं गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ ग्लोव्ह बनवून घेतले. १८८९-९० ची गोष्ट. १८९० मधे दोघांचं लग्न झालं. सगळ्यांनी ग्लोव्ह घातले की जखमा कमी पिकतात हे नंतर लक्षात आलं.

कागलचा_गडी

म्हणजे प्रेमातनं ग्लोव्ह आलं. नाद खुळा.

गल्ली_नंबर_चार

धागा भरकटतोय पण भरकटू दे, बऱ्याच दिवसांनी चांगलं वाचायला मिळतंय. कापड हिरवं का असतं कुणी सांगेल का?

भूलताई

पूर्वी पांढरंच असायचं. प्रखर दिव्याखाली पांढऱ्यावर डोळे दिपतात. शिवाय बराच वेळ लाल रंगाकडं बघून पांढऱ्याकडं बघितलं की डोळ्यासमोर हिरवट डाग तरंगतात. हिरव्या किंवा निळ्या कापडावर ते डाग दिसत नाहीत आणि डोळ्याला आराम मिळतो.

@कळंब्याची_पोर, आज रविवार. शनिवार होऊन गेला. गेलीस का भेटायला?

कळंब्याची_पोर

गेले. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून गेले आणि उशिरा लिहितेय कारण नंतर घरी आले आणि आईला सांगता सांगता रडू आलं.

शनिवारी सकाळी राउंड संपल्यावर गेले. आजोबा कॉटवर बसून चहात बटर बुडवून खात होते, शेजारी मुलगा. मी आधी फाइल उघडून नाव वाचलं, मग नावानं हाक मारली. म्हणाले बस की गं. मी उभीच राहिले. म्हटलं, आजोबा, मी शिकतेय अजून, डॉक्टर झालेली नाही. परवा ऑपरेशनला मी सरांच्या समोर उभी होते. जखम उघडी धरायचा हूक असतो, तो मी धरला होता. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता रागावणार.

म्हणाले, "मग 'हलू नको' त्ये तुला म्हणाले व्हय?"

म्हटलं हो.

"आणि मला वाटलं मलाच म्हनत्यात! म्हशीचं इचारलं आणि लगेच सायेब म्हणाले हलू नको. म्हटलं काय तरी नाजूक चाललंय आत. कंबरेखाली तर काय कळंना, मग म्या श्वास धरला. जमंल तेवढा धरायचा, थोडा सोडायचा, परत धरायचा. टाकं हुईस्तवर."

मुलगा हसायला लागला, आजोबा हसायला लागले, मग टाका दुखला म्हणून पोट धरून हसायला लागले. मी हसले पण माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी इकडं हूक धरून श्वास रोखून उभी आणि पडद्यापलीकडं ते श्वास रोखून पडलेले, दोघंही एकाच शब्दावर.

मग त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा करून बघितला, म्हणाले लहान हाय, पर घट्ट दिसतोय. आणि विचारलं, जेवलीस काय?

मी सोमवारी सरांशी बोलणार आहे. चीर द्यायच्या आधी नाव सांगायचं, आणि पेशंट जागा असेल तर त्याला ऐकू जाईल असं सांगायचं. आणि आतलं बोलणं कुणाला उद्देशून आहे ते नाव घेऊन बोलायचं. सर ऐकतील असं वाटतंय.

एक शंका राहिली. त्यांनी विचारलं वैरणीचा भारा कधीपासून उचलू. मी म्हटलं सरांना विचारून सांगते. टाके काढायला येणार आहेत पुढच्या आठवड्यात.

भूलताई

श्वासाचं वाचलं. उद्यापासून आमच्याकडं सूचना नाव घेऊनच.

जुना_सर्जन

भाऱ्याचं: सरांना विचार, तेच शेवटचं. सर्वसाधारण आम्ही महिना दीड महिना जड उचलू देत नव्हतो. चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून. खोकला असेल तर तो आधी बरा करायचा, शौचाला जोर लावायचा नाही, पाणी आणि भाजीपाला भरपूर. खोकताना जखमेवर उशी धरायला सांग. आणि त्या पोराला सांग, म्हशीचं पाणी दीड महिना त्याच्याकडं.

मी चुकीचा सल्ला दिला होता पोरी. बरं झालं ऐकला नाहीस.

सिस्टर_थिएटर

देवा. टाके होईपर्यंत श्वास धरून होते.

बाळ, अशीच राहा.

आप्पा_पन्हाळा

आमच्याच भागातले दिसतात आजोबा. बोलणं वळखलं.

शाहूपुरीकर

इथं लिहू नकोस, पण नाव लक्षात आहे ना त्यांचं?

कळंब्याची_पोर

आहे काका. म्हशीचंही आहे.